'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची फेरमांडणी : दास्तानगोईच्या कसोटीवर एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकावरील खेळ हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्या भाषा विभागांतून अजूनही विचारला जातो. एके काळी हाच प्रश्न चित्रपटाविषयी आणि त्याही आधी कादंबरीविषयी विचारला गेला होता. प्रस्तुत लेखात त्या वादात न शिरता एका गाजलेल्या खेळमालिकेचा, कथनाचा एक प्रकार या नात्याने, विचार करावयाचा आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' ही मालिका निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, शहाजादा, वजीर, खंजीर, तिलिस्म, कोह-ए-काफ, सीमुर्ग ही तिची सारी सामग्री उर्दूच्या शिक्षकाला परकी नाही. ती आपल्या वर्गात वर्षानुवर्षे येत आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. या मालिकेतील सर्वांत नावाजलेल्या खेळाच्या पुनर्निर्मितीचे काम पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पुढे ते त्यांच्याकडून काढून घेण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये तो प्रकल्पच रद्द झाला. या घटनेकडे केवळ धंद्यातील अपयश म्हणून पाहणे पुरेसे नाही. जुनी गोष्ट पुन्हा सांगताना सांगणाऱ्याला काय मिळावे लागते, हा त्यामागील खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्या दास्तान परंपरेत सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दोन संज्ञा आणि एक कसोटी

प्रथम संज्ञांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. 'रीबूट' हा शब्द संगणकाच्या व्यवहारातून आला. यंत्र बंद करून पुन्हा आरंभापासून सुरू करणे, हा त्याचा मूळ अर्थ. कथेच्या संदर्भात जुने पात्र, जुने जग किंवा नुसते नाव कायम ठेवून गोष्ट नव्याने रचणे, असा तो अर्थ विस्तारला. त्याला आपण फेरमांडणी म्हणू. 'रिमेक' म्हणजे तीच गोष्ट, तेच प्रसंग, तोच क्रम ठेवून नव्या तंत्राने पुन्हा घडविणे. त्याला पुनर्निर्मिती म्हणता येईल. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात असले तरी समीक्षेत त्यांतील भेद महत्त्वाचा आहे.

हे दोन्ही व्यवहार आपल्या परंपरेला नवे नाहीत. अमीर हमज्याची दास्तान इराणमधून हिंदुस्थानात आली आणि येथे ती शेकडो मुखांनी पुन्हा सांगितली गेली. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून प्रसिद्ध केलेले 'तिलिस्म-ए-होशरुबा' हे तर फेरमांडणीचे ठळक उदाहरण होय. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी लिहिलेल्या या खंडांना जुन्या फारसी मुळाचा हवाला दिला जात असे. परंतु असे मूळ सापडलेले नाही. ते लखनौच्या दास्तानगोंचेच कर्तृत्व होते. मूळ पात्रे जुनी, आवाज मात्र पूर्णपणे स्वतःचा. मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी सुरस कथा आणि पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेले भाषांतर एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर एकाच कथासागरातून दोन काळांचे दोन वेगळे स्वभाव कसे बाहेर पडतात, ते दिसून येते.

यावरून एक साधी कसोटी निघते. दास्तानगोला दोन गोष्टी लागत असत : इख्तियार आणि फुरसत. गोष्ट वळविण्याचा अधिकार आणि ती मुरविण्याचा वेळ. या दोन्हींपैकी एकही नसेल तर उरते ते पाठांतर. याच कसोटीवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या वेगवेगळ्या अवतारांकडे पाहू.

१९८९ : पडद्यापुरता इराण

जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने ॲपल टू या संगणकासाठी घडविलेला पहिला खेळ १९८९ मध्ये ब्रोडरबंड कंपनीने प्रसिद्ध केला. गोष्ट दोन वाक्यांची : जाफर नावाच्या वजिराने राजकन्येला कैद केले आहे आणि तिला एक तासाची मुदत दिली आहे. तळघरात टाकलेल्या नायकाने त्या साठ मिनिटांत वर पोहोचायचे. नव्वदीच्या दशकात शहरोशहरी निघालेल्या संगणक वर्गांत शिक्षक बाहेर गेले की पडद्यावर हाच खेळ येई, हे त्या पिढीतील अनेकांना आठवत असेल.

खेळाचे मोठेपण गोष्टीत नव्हते, हालचालीत होते. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावण्याचे व उड्या मारण्याचे चित्रण करून त्यावरून एकेक आकृती उतरविली. त्यामुळे पडद्यावरील तो लहानसा माणूस वजन असल्यासारखा पडे, कडेला लोंबकळे, धापा टाकल्यासारखा थांबे. संगणकाची स्मृती इतकी अपुरी होती की शत्रूची स्वतंत्र चित्रे बसविणे अवघड झाले. तेव्हा नायकाच्याच आकृतीवर प्रक्रिया करून त्याची सावली हा प्रतिस्पर्धी निर्माण करण्यात आला. आरशातून उडी मारताना ही सावली नायकापासून अलग होते आणि पुढे तलवार घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच : तलवार म्यान करून पुढे चालत जाणे. मग दोघे एकरूप होतात. नफ्स आणि त्याच्याशी होणारा झगडा यांविषयी सूफी वाङ्मय शिकविणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला हा प्रसंग विचार करण्यासारखा वाटेल. यंत्राच्या दारिद्र्यातून येथे अर्थ निर्माण झाला आहे.

इराण मात्र या खेळात केवळ पडद्यावर रंगविलेल्या देखाव्याइतकाच आहे. जाफर हे नावच पाहा. इतिहासातील जाफर बरमकी हा हारून अल-रशीदचा वजीर. त्याचे घराणे बल्खचे. ८०३ मध्ये खलिफाच्या हुकुमाने त्याचा वध झाला. 'अलिफ लैला'त तो खलिफाचा विश्वासू सोबती म्हणून वावरतो. त्याचे नाव १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटातील दुष्ट वजिराला मिळाले. हा चित्रपट मेक्नर यांच्या प्रेरणास्थानांपैकी एक होता. तेथून ते नाव या खेळात आले आणि १९९२ च्या 'अलादीन' या डिस्नेच्या चित्रपटातही तेच दिसते. म्हणजे खेळाचे मूळ इराण नव्हे, तर हॉलिवुडने रंगविलेली पूर्व आहे. ही नोंद दोषारोपासाठी नाही. कोणती गोष्ट कोणाकडून कोणाकडे आली, हे कळल्याशिवाय फेरमांडणीचा हिशेब मांडता येत नाही, एवढ्यासाठीच ती केली आहे.

२००३ : कथकाचा प्रवेश

१९९३ चा दुसरा भाग आणि १९९९ चा अयशस्वी त्रिमितीय प्रयत्न यांनंतर २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. मेक्नर स्वतः लेखनात सहभागी होते. ही खरी फेरमांडणी होय. कारण येथे प्रथमच गोष्टीला सांगणारा मिळाला.

इराणचा राजा शरमन हिंदुस्थानातील एका महाराजाच्या महालावर चाल करून जातो. महाराजाचा वजीर फितूर होतो. लुटीत शहाजाद्याच्या हाती काळाचा खंजीर येतो आणि राजाकडे वाळूचे प्रचंड घड्याळ. महाराजाची कन्या फराह कैद होते. पुढे आझाद नगरीत वजिराच्या बोलण्याला भुलून शहाजादा ते घड्याळ उघडतो आणि सारा महाल वाळूच्या राक्षसांनी भरतो. खंजिरातील वाळू खर्च करून खेळाडूला थोडा काळ मागे नेता येतो. चुकलेली उडी पुन्हा मारता येते.

ही सर्व हकीकत शहाजादा स्वतः कोणाला तरी सांगत असतो. खेळाडूच्या चुकीने तो मेला तर निवेदक चटकन सांगतो की, नाही, असे घडले नव्हते, आणि गोष्ट मागे घेतो. येथे खेळातील मरण ही कथकाची चूक ठरते! दास्तानगो आणि श्रोता यांचे नाते इतक्या अचूकपणे यंत्रात उतरविल्याचे दुसरे उदाहरण मिळणे अवघड आहे. अखेरीस उलगडते की श्रोता म्हणजे फराह. काळ मागे गेला आहे, हल्ला अजून झालेला नाही, तिला काहीच आठवत नाही, आणि ज्याच्यासाठी तिचा महाल लुटला गेला होता तो खंजीर शहाजादा तिला परत देतो.

मराठी व संस्कृत जाणणाऱ्या वाचकाने येथे एका शब्दापाशी थांबावयास हवे. भीती वाटली की उच्चारण्यासाठी आईने शिकविलेला एक गुप्त शब्द फराह शहाजाद्याला सांगते आणि शेवटी तोच शब्द तो तिला ओळखीची खूण म्हणून परत ऐकवतो. तो शब्द आहे 'काकोलूकीयम्'. हे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नाव. कावळे आणि घुबडे यांच्या वैराच्या त्या कथेत कावळ्यांचा मंत्री स्थिरजीवी फितूर झाल्याचे सोंग करून शत्रूच्या गोटात शिरतो आणि त्यांचे घर जाळतो. ज्या खेळाची सुरुवातच मंत्र्याच्या फितुरीने होते, त्यात हा शब्द यावा हे लक्षणीय आहे. शिवाय हेच पंचतंत्र सहाव्या शतकात बुर्जोय याने पहलवीत नेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणले, अकबराच्या दरबारी अबुल फझलने 'इयार-ए-दानिश' म्हणून फारसीत नव्याने मांडले आणि त्यावरून हफीजुद्दीन अहमद यांनी उर्दूत 'खिरद अफरोज' केले. हिंदुस्थानची गोष्ट इराणला जाऊन पुन्हा घरी आली. खेळातील त्या एका शब्दात हा सारा प्रवास दडलेला आहे. मात्र तो ओळखणारा खेळाडू आपल्याकडेच मिळण्याची शक्यता अधिक.

नंतरच्या भागांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. २००४ चा भाग रक्तपात व कर्कश संगीत यांकडे वळला आणि ही दिशा मेक्नर यांनाही रुचली नव्हती. २००८ ची फेरमांडणी चित्रदृष्ट्या सुंदर होती, परंतु तिला पुढे धागा मिळाला नाही. २०१० च्या हॉलिवुड चित्रपटात नायकाचे नाव 'दस्तान' ठेवले गेले. शाहनाम्यात रुस्तमच्या पित्याला, जालला, हे नाव आहे. पण चित्रपटात त्या नावापलीकडे शाहनाम्याचे काही उतरले नाही.

२०२० ते २०२६ : पुणे-मुंबईची पुनर्निर्मिती

युबिसॉफ्टचा पुणे येथील स्टुडिओ २००८ चा आणि मुंबईचा २०१८ चा. एवढ्या नामांकित खेळाची धुरा त्यांच्याकडे आल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये कळले, तेव्हा भारतातील या क्षेत्रातील तरुणांना झालेला आनंद स्वाभाविक होता. परंतु दाखविलेली दृश्ये जुनाट वाटतात, चेहरे निर्जीव आहेत, अशी टीका जगभरातून सुरू झाली. जानेवारी २०२१ ही ठरलेली मुदत मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे सोपविण्यात आले. शेवटी, जानेवारी २०२६ मध्ये, कंपनीच्या फेररचनेत रद्द झालेल्या सहा खेळांत त्याचाही समावेश झाला.

या घटनेतून भारतीय कारागिरांची कुवत कमी पडली, असा निष्कर्ष अनेकांनी तेव्हाच काढला होता. तो टिकत नाही. ज्या शहरात मूळ खेळ घडला, त्याच शहरातील स्टुडिओकडे काम जाऊन साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला, तरीही तो पूर्ण होऊन लोकांपुढे आला नाही. तेव्हा अडचण हातांमध्ये नसून कामाच्या स्वरूपात होती, असे मानावयास जागा आहे.

ते स्वरूप काय होते? जाहीर माहितीनुसार कथा तीच राहावयाची होती. बदल चित्रांत, लढाईच्या पद्धतीत आणि दृश्यकोनांत. म्हणजे पुनर्निर्मिती, फेरमांडणी नव्हे. पुण्या-मुंबईचे कलावंत अशी गोष्ट पुन्हा रंगविणार होते, जिचा आरंभच हिंदुस्थानातील एका महालाच्या लुटीने होतो. मूळ खेळात तो महाल म्हणजे शिडी, तट, आग आणि एक दालन; त्या घरात कोण राहात होते, हे कोणी विचारीत नाही. महाराजाच्या मुलीचे नाव अरबी आहे, तिच्या ओठी संस्कृत शब्द आहे, परंतु या दोन्हींना जोडणारे तिचे जग कोठेच दिसत नाही. मॉन्ट्रियलच्या लेखकांना ते दिसले नाही, हे समजण्यासारखे आहे. पुण्यात बसलेल्या कलावंताला ते दिसले असते, पण गोष्ट तेथे वळविण्याचा इख्तियार या कामाच्या चौकटीतच नव्हता. घोषणा आणि प्रकाशन यांत अवघे चार महिने ठेवणारे वेळापत्रक पाहता फुरसतीविषयीही वेगळे सांगावयास नको.

तुलनेसाठी आपल्याच इतिहासातील एका चित्रशाळेचे उदाहरण घेता येईल. अकबराने १५६२ च्या सुमारास हमजानाम्याच्या चित्रांचे काम सुरू केले. मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद हे इराणी उस्ताद प्रमुख होते, हाताखाली हिंदुस्थानी चित्रकार. कापडावर सुमारे चौदाशे मोठी चित्रे तयार झाली आणि त्यास पंधरा वर्षांच्या आसपास काळ लागला. या कामातून इराणी शैलीची नक्कल बाहेर पडली नाही, तर मोगल शैली जन्मास आली. अबुल फझलने नोंदविले आहे की, दसवंत हा या चित्रशाळेतील चित्रकार पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा होता. ख्वाजांच्या हाताखाली तो शिकला आणि पुढे श्रेष्ठ ठरला. त्याही आधी आपल्या माळव्यात, इंदूरपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या मांडूत, १५०० च्या सुमारास 'निमतनामा' या पाकग्रंथाची चित्रे निघाली. त्यांत आरंभी शिराजची छाप ठळक आहे आणि पाने उलटत जावी तशी इथली माणसे, इथले रंग वर येत जातात. दोन्ही ठिकाणी परकी गोष्ट इथल्या हातांत आली, आणि हातांना वळण्याची मुभा होती.

येथे एक आक्षेप संभवतो. बादशहाचा खजिना आणि भागधारकांना उत्तर देणारी कंपनी यांची तुलना कशी व्हावी? आक्षेप योग्य आहे. बाजार पंधरा वर्षे थांबत नाही. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते की, अशी गोष्ट बाजाराच्या वेळापत्रकावर सांगणे कठीण आहे. सांगणारे हात अपात्र होते, हे सिद्ध होत नाही.

२०२४ : कोह-ए-काफ

याच काळात युबिसॉफ्टच्या फ्रान्समधील मोंपेलिए येथील स्टुडिओने जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राऊन' प्रसिद्ध केला. ही फेरमांडणी आहे. नायक शहाजादा नाहीच. सारगॉन नावाचा तरुण योद्धा अपहृत शहाजाद्याच्या शोधात कोह-ए-काफवर जातो. तेथे काळ बिघडलेला आहे. एकाच्या दृष्टीने काही क्षण गेले असतील तर दुसऱ्याचे आयुष्य सरलेले असते. अमीर हमज्याची दास्तान माहीत असलेल्याला हे ओळखीचे वाटेल : हमजा अठरा दिवसांसाठी म्हणून काफला गेला आणि अठरा वर्षे अडकला. शाहनाम्यात जालला वाढविणारा आणि अत्तारच्या 'मन्तिक-उत-तैर'मध्ये पक्ष्यांना आरसा दाखविणारा सीमुर्ग येथे कथेच्या केंद्रस्थानी आहे. खेळ फारसी संवादांतही ऐकता येतो. पस्तीस वर्षांनी या मालिकेतील इराण पडद्यावरून उतरून बोलू लागला.

दोष नाहीत असे नाही. सारगॉन हे नाव अक्कडचे. थॉमिरिस ही हिरोडोटसच्या वृत्तान्तात सायरसशी लढणारी मस्सागेती राणी. तिला येथे इराणची राणी केले आहे. तिच्या मुलाचे नाव गस्सान, म्हणजे अरबी. इतिहासाच्या अध्यापकाला हे खटकेल. परंतु दास्तानगो अशी सरमिसळ नेहमीच करीत आले. येथे सांगणाऱ्याने गोष्ट आपली मानली आहे, हे महत्त्वाचे. एवढे करूनही विक्री अपेक्षेप्रमाणे न झाल्याचे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो चमू विखुरल्याचे समोर आले. इख्तियार मिळाल्याने यशाची हमी मिळत नाही. पण हा खेळ पूर्ण झाला, लोकांपुढे आला आणि त्याच्याविषयी बोलता येते, एवढा फरक उरतोच.

अध्यापनाच्या दृष्टीने

सामुदायिक महाविद्यालयांत आज संगणक चित्रण व ॲनिमेशन यांचे अभ्यासक्रम रोजगाराचे म्हणून चालतात आणि शेजारच्या उर्दू-मराठीच्या वर्गांना रोजगाराशी संबंध नसलेले समजले जाते. वरील विवेचनावरून ही विभागणी किती महाग पडते, ते लक्षात यावे. सीमुर्गाचे पीस संगणकावर कसे रंगवावे, हे एका वर्गात शिकविले जाते; सीमुर्ग म्हणजे काय, हे दुसऱ्या वर्गात. दोन्ही वर्गांतील मुले बहुधा एकाच मोहल्ल्यातून येतात, पण एकमेकांचे काम पाहात नाहीत. केवळ पीस रंगविता येणाऱ्या मुलाला दुसऱ्याची गोष्ट रंगविण्याचेच काम मिळत राहील आणि ते केव्हाही काढून घेता येईल.

यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. दोन विभागांनी मिळून एक स्वाध्याय दिला तरी पुरे : 'द सँड्स ऑफ टाइम'ची गोष्ट फराहच्या बाजूने, लुटीच्या आदल्या रात्रीपासून, दहा चित्रांत व एका पानात सांगावी. तिचा महाल कोणत्या प्रदेशात होता, तिची आई कोण होती, मुलीला पंचतंत्रातील शब्द तिने का शिकविला, वजीर का फिरला, हे विद्यार्थ्याने ठरवावे. ते ठरविताना त्याला कलीला व दिम्ना उघडावे लागेल, मांडूची चित्रे पाहावी लागतील आणि घरातील वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावे लागतील.

समारोप

'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या पस्तीसहून अधिक वर्षांच्या वाटचालीवरून असे दिसते की, २००३ मध्ये गोष्टीला कथक मिळाला तेव्हा ती जगली, २०२४ मध्ये कथकाला अधिकार मिळाला तेव्हा ती आपल्या मुळांपर्यंत पोहोचली, आणि २०२० मध्ये केवळ रंगाची डागडुजी मागितली गेली तेव्हा ती अडकून पडली. ज्या खेळात काळ मागे नेता येतो, त्याच्या पुनर्निर्मितीला पुरेसा काळ मिळाला नाही. पुण्या-मुंबईतील त्या कलावंतांची नावे सर्वसामान्य खेळाडूला माहीत होणार नाहीत. पुढील वेळी असे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे येईल, तेव्हा त्यांच्याजवळ हाताच्या कौशल्याबरोबर सांगण्यासारखी स्वतःची गोष्टही असावी. ती त्यांना देण्याची जबाबदारी भाषेच्या शिक्षकाची आहे.